अठ्ठावीस मिनिटं आपली : नाशिकमध्ये स्वतंत्र रेडिओ कार्यक्रम कसा करायचा

आमचा पहिला भाग सिडकोतल्या एका वन-रूम-किचनमध्ये रेकॉर्ड झाला. दाराला गोधडी, खिडकीला उशा, पंखा बंद आणि मे महिना. नळाला पाणी कधी येतं यावर एक काकू तावातावानं बोलत होत्या. विसाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरनं तिसरी शिट्टी दिली. काकू थांबल्या, म्हणाल्या, "डाळ झाली त्यांची," आणि पुन्हा पाण्यावर आल्या. ते वाक्य आम्ही कापून टाकलं. आज कापलं नसतं.

त्यानंतर बरेच भाग झाले, काही साफ फसले. राजकारण, वस्तीतले प्रश्न आणि गाणी अशा तिन्हींचा मिळून कार्यक्रम करायचा, तोही कुठल्या पक्षाचा किंवा कंपनीचा हात डोक्यावर न घेता, तर सुरुवात कुठून करायची, हे विचारायला मुलं-मुली येतात. दर वेळी चहाबरोबर तेच सांगतो. आता एकदा लिहून ठेवतो.

माईकच्या आधी कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण बहुतेकांची गाडी इथेच अडते. सामुदायिक रेडिओ म्हणजे आपल्याला हवं ते बोलता येईल असं एफएम, असा समज असतो. तसं नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर दार हळूहळू किलकिलं झालं. आधी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, मग २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना. साताऱ्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्याच लाटेतली. आपल्या नाशिकमध्ये रेडिओ विश्वास ९०.८ आहे. करोनात शाळा बंद असताना त्यांनी मुलांसाठी चालवलेल्या शिक्षणाच्या कार्यक्रमाला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला होता.

स्वतःचं केंद्र काढायचं असेल तर नोंदणी होऊन किमान ३ वर्षं झालेली ना-नफा संस्था लागते. एकट्या माणसाला परवाना मिळत नाही, राजकीय पक्षाला किंवा त्याच्या संघटनेलाही नाही. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅटची, म्हणजे टप्पा दहा-पंधरा किलोमीटरचा. नाशिक शहर बऱ्यापैकी बसतं, पण त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलात की थोड्या वेळानं खरखर सुरू. पेठ-सुरगाण्याचं नावच नको. निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा आणि प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार जाहिरातींना तासाला १२ मिनिटं मिळतात, आणि केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्म्या तरी बायका असल्याच पाहिजेत.

आता कळीचा मुद्दा. सामुदायिक केंद्राला बातम्या द्यायच्या असतील तर त्या आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून. स्वतःचा राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम लावता येत नाही. हवामान, वाहतूक, पाणी-विजेच्या सूचना, परीक्षा आणि प्रवेश, नोकऱ्या, आरोग्याचे इशारे, स्थानिक सण-उत्सव हे मात्र बातम्यांत धरलं जात नाही, ते चालतं.

मला हा नियम हास्यास्पद वाटतो. दिवसभर मोबाइलवर राजकारण ऐकणाऱ्या माणसाला गल्लीतल्या रेडिओवर आपल्या नगरसेवकाबद्दल ऐकता येऊ नये, यात कुणाचं रक्षण होतं देव जाणे. पण नियम आहे, आणि तो मोडलात तर गोत्यात तुम्ही येत नाही, ज्यांनी तुम्हाला विश्वासानं अर्धा तास दिला ते केंद्र येतं.

म्हणून आम्ही एका रेकॉर्डिंगच्या दोन कापण्या करतो. एक "हवेतली", म्हणजे एफएमवर जाणारी. दुसरी "तारेतली", म्हणजे पॉडकास्ट, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर जाणारी. नवीन गटानं स्वतःच्या परवान्याच्या मागे लागूच नये असं माझं मत आहे. आधी वर्षभर एखाद्या केंद्राकडून आठवड्याला अर्धा तास मागून घ्या आणि तारेतला भाग स्वतः चालवा.

तारेत सगळं माफ, असंही नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि तो पॉडकास्टलाही लागतो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ बघा; नाव न घेता शाळा आणि गल्ली सांगितलीत तरी ओळख उघड होते. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर दाखवण्या-ऐकवण्यावर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ ची बंदी असते. आम्ही सरळ नियम केलाय, कुठलीही निवडणूक असो, त्या दोन दिवसांत राजकीय भाग लावायचाच नाही. गाणी लावतो.

माणसं किती लागतात

चार. एक बोलणारा किंवा बोलणारी, एक रेकॉर्डिंग आणि कापाकापी बघणारा, एक फोन लावणारी आणि चौथा माणूस ज्याचं काम फक्त "हे खरं कशावरून?" विचारणं. चौथा बहुतेक गटांत नसतो. आमच्यातही नव्हता.

एकदा एका रस्त्याच्या कामावर आम्ही भाग केला. तीन जणांनी ठेकेदाराचं एकच नाव सांगितलं, म्हणून आम्ही ते घेतलं. चूक निघाली. तिघांनीही ते नाव एकाच चहाच्या टपरीवर ऐकलेलं होतं. पुढच्या भागाच्या पहिल्याच मिनिटाला माफी मागितली, जुना भाग काढून दुरुस्त करून परत लावला. त्या दिवसापासून चौथी खुर्ची भरलेली असते.

विषय : एकच घ्या आणि तो जाऊन बघा

नाशिकमध्ये विषयांना तोटा नाही. सिंहस्थाची कामं, तपोवनातली झाडं, अंबड-सातपूरचे कंत्राटी कामगार, लासलगावचा कांदा, मालेगावचे यंत्रमाग. अडचण अशी की नवीन गट पहिल्याच भागात हे सगळं कोंबतो. एका भागाला एक विषय, आणि तोही प्रश्नाच्या रूपात. "शहराचा पाणीप्रश्न" हा विषय नव्हे. "गंगापूर धरण भरलंय, मग आमच्या गल्लीत नळ पहाटे चारलाच का?" हा विषय.

शहरासाठी आमची सोपी युक्ती आहे. महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड. दर आठवड्याला एक, सहा आठवड्यांत फेरी पूर्ण. यानं फक्त कॉलेज रोड-गंगापूर रोडवालेच बोलताहेत, असं होत नाही. गावांकडे ग्रामसभेच्या तारखा धरून जायचं : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर.

एका विषयाचं उदाहरण जरा खोलात जाऊन देतो, कारण राजकारणाचा भाग कसा बांधायचा हे त्यातून नीट कळतं. दर पावसाळ्यानंतर खाली पैठणजवळच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून आपल्याकडे वातावरण तापतं. २०१४ च्या आदेशाचा हिशेब असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी, म्हणजे नाशिक-नगरच्या, पाणी सोडायचं. त्यामागे २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे. आता यावर कार्यक्रम करायचा तर पहिला मोह काय होतो? गंगापूर रोडवरचा एक नेता, निफाडचा एक द्राक्षबागायतदार आणि "आमचं पाणी पळवलं" अशी ओरड. अठ्ठावीस मिनिटं सहज भरतात. पण तो कार्यक्रम नव्हे, गाऱ्हाणं आहे.

आम्ही केलं ते असं. निफाडकडच्या शेतकऱ्याला विचारलं, कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, उशिरा आलं तर बागेत नेमकं काय होतं, कोणत्या आठवड्यात, किती दिवसांनी. सिडकोतल्या काकू होत्याच. तिसरा फोन पैठणकडच्या एका शेतकऱ्याला लावला. तो म्हणाला, "तुमच्याकडं धरणं भरली की तुम्ही फोटो टाकता, आम्ही ते बघतो." एवढं एक वाक्य आलं आणि भागाचा तोलच बदलला. मग जलसंपदा विभागाकडे साठ्याचे आकडे मागितले आणि दोन पक्षांच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना एकच प्रश्न जसाच्या तसा विचारला.

हवेतल्या कापणीत गेलं ते एवढं : ६५ टक्के म्हणजे काय, आवर्तन म्हणजे काय, बागायतदाराचा अनुभव, काकूंचा नळ. पदाधिकारी, कोणी कधी काय आश्वासन दिलं होतं ते, आणि आमची टिप्पणी तारेत गेली. पैठणच्या माणसाचं वाक्य दोन्हीत ठेवावं असं मला वाटत होतं. केंद्रवाल्यांना विचारलं, त्यांनी होकार दिला. शंका आली की त्यांना विचारायचं, परस्पर ठरवायचं नाही.

कागद हवे असतील तर माहिती अधिकार आहेच. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील. म्हणजे अशा भागाची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी लागते. आम्ही महिन्याला दोन अर्ज टाकून ठेवतो, पेरणीसारखं. काही उगवतात.

ज्याच्यावर आरोप होणार त्याची बाजू आधी मागायची. फोन, मग मेसेज, मग दोन दिवस थांबणं. उत्तर आलं नाही तर "आम्ही अमुक दिवशी विचारलं, उत्तर आलं नाही" हे भागात सांगायचं आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा.

रेकॉर्डिंग

महागडा माईक नको. पहिले दोन महिने मोबाइल आणि शर्टाला लावायचा तारेचा छोटा माईक पुरे. मग गटात पैसे जमले की हातात धरायचा रेकॉर्डर घ्या. पैसे आधी हेडफोनवर घाला, कानावर पूर्ण बसणारे. रेकॉर्ड करताना ते कानावर असले पाहिजेत. आमचं एक चाळीस मिनिटांचं बोलणं निव्वळ तार हलल्यामुळे गेलं, कारण कोणी ऐकतच नव्हतं, फक्त स्क्रीनवरचे दिवे बघत होतो.

माईक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे धपके बसत नाहीत. मोबाइल फ्लाइट मोडवर. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून आम्ही बाईकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.) आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळती ठेवा. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोत तासाला पाचशे एमबीच्या आसपास जागा खाते, म्हणून निघण्यापूर्वी मेमरी कार्ड रिकामं आहे का बघा. मुलाखत संपली की कोणी काही न बोलता त्या जागेचा अर्धा मिनिट आवाज घ्या. कापाकापीत दोन वाक्यांच्या मध्ये भरायला तो लागतो. अगदी निर्वात शांतता कानाला खड्डा वाटते.

बाहेरचे आवाज वेगळे, भरपूर घ्या. पहाटे रामकुंडावरच्या घंटा आणि तांब्यांचा खणखणाट, रविवार कारंज्यावरची गर्दी, पिंपळगाव बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, अंबडला शिफ्ट सुटतानाचा भोंगा. बोलणारा "आम्ही अंबडला आलो आहोत" म्हणण्याऐवजी चार सेकंद भोंगा वाजू द्या.

संमती माईकवरच घ्या. नाव, तारीख, आणि दोन वेगळे प्रश्न : रेडिओवर लावू का? इंटरनेटवर लावू का? दोन्ही एक नाहीत. हवेतलं विरून जातं, तारेतलं राहतं. कंत्राटी कामगार बऱ्याचदा पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं. ओळख लपवायची असेल तर आवाज जाड-बारीक करण्यावर विसंबू नका. तो उलटा फिरवून मूळ आवाज काढता येतो आणि सुपरवायझर तर माणसाच्या बोलण्याच्या ढबीवरूनच ओळखतो. त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि गटातल्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या, तसं सांगून.

भाषेचं एक. सटाण्याकडची बाई अहिराणीत बोलत असेल तर तिला "जरा शुद्ध बोला" म्हणणाऱ्याच्या हातातून माईक काढून घ्यावा. सुरगाण्यात कोकणा, मालेगावात उर्दू. आधी मूळ आवाज दहा-पंधरा सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग निवेदनात मतलब सांगा.

लिहिणं आणि कापणं

आमची मिनिटं अशी पडतात : सुरुवातीची धून आणि ओळख १, वस्तीतला एक आवाज ५, मुख्य विषय ११, श्रोत्यांच्या व्हॉइस नोट ३, कामाची माहिती २, मधली निवेदनं २, आणि शेवटचं गाणं ४. झाले २८. अर्ध्या तासातली उरलेली दोन मिनिटं केंद्राची, त्यांची ओळख आणि जाहिरातीसाठी. कामाच्या माहितीची दोन मिनिटं कधीही कापू नका. कोणत्या भागात पाणी बंद, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, रक्तदान कुठे. आमच्या राजकीय चर्चेबद्दल कोणी फोन करत नाही; पाण्याची तारीख चुकली की सात येतात.

निवेदन लिहा, पण बोलल्यासारखं लिहा. माझा वेग मिनिटाला एकशे दहा-वीस शब्दांचा आहे, तुमचा मोजून घ्या. "सदर ठिकाणी नागरिकांना मोठ्या प्रमाणात गैरसोयीचा सामना करावा लागत आहे" हे पेपरात खपतं. रेडिओवर "इथं चिखल आहे, शाळेची मुलं चपला हातात घेऊन जातात" असं म्हणा.

कापायला ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरतं. आधी कान लावून सगळं ऐका आणि कागदावर वेळ टिपत जा. मग निवड. मग जोडणी. सफाई सगळ्यात शेवटी. नवीन मुलं उलटं करतात, आधी तासभर घरघर काढत बसतात आणि मग तोच तुकडा वापरत नाहीत. खालची ८० हर्ट्झपर्यंतची गुरगुर कापा, घरघर काढणारं फिल्टर हलक्या हातानं वापरा. जास्त केलं की माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. तारेतल्या फाइलची पातळी स्टिरिओ असेल तर उणे १६, मोनो असेल तर उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) ठेवा, म्हणजे श्रोत्याला सारखा आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. केंद्राला मात्र वेव्ह फाइल द्या. त्यांची यंत्रणा पुढे आपल्या पद्धतीनं आवाज आवळते.

कापताना अर्थ बदलू नये. माणूस "मी तसं म्हणणार नाही, पण लोक म्हणतात की..." असं म्हणाला असेल तर पहिले चार शब्द गेले की तुम्ही त्याला अडकवलंत. आमच्या चौथ्या खुर्चीचं निम्मं काम इथे असतं.

गाण्यांचा घोळ

गाण्यांचा घोळ कायद्याच्या भागाहून मोठा. "तीस सेकंदांपर्यंत चालतं" हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते खोटं आहे. कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही.

गाण्यात तीन हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दोन्ही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे १९६० साली आलेल्या तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला, पण तिचा गीतकार १९९० मध्ये वारला असेल तर शब्दांवरचा हक्क २०५० पर्यंत चालू. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण तो गेल्या वर्षी एखाद्या गायकानं स्टुडिओत गायलेला असेल तर ते रेकॉर्डिंग सर्वांचं नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आपल्या जिल्ह्याचे, त्यांची गाणी वस्तीवस्तीत गातात, पण ते २००४ मध्ये गेले. म्हणजे २०६४ अखेरपर्यंत शब्दांची परवानगी वारसांकडून घ्यायला हवी, गाणारा शेजारचा पोरगा असला तरी.

केंद्राकडे गाण्यांचा परवाना असला तर तो हवेपुरता, असं धरून चाला. रेडिओ-टीव्हीला ठरलेल्या दरानं गाणी लावू देणारं कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-ड इंटरनेटला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विंक हे गाण्यांचं ॲप आणि टिप्स ही संगीत कंपनी यांच्या खटल्यात म्हटलं. तेव्हा हवेतल्या भागाच्या शेवटी लावलेलं फिल्मी गाणं तसंच पॉडकास्टवर चढवलंत तर ते खाली येणार.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे स्वतः रेकॉर्ड करणं, आणि तिथे नाशिक जिल्हा श्रीमंत आहे. जात्यावरच्या ओव्या, आखाजीची झोक्यावरची अहिराणी गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी, भारुडं, गोंधळ, भीमगीतं, मालेगावातली कव्वाली, त्र्यंबक-पेठ पट्ट्यातला तारपा, कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी. शहरातल्या पोरांचे रॅपसुद्धा. एका पानाचा करार करा : गाणारे कोण, रचना कोणाची, हवेत आणि तारेत लावायची परवानगी, मानधन किती. सही किंवा अंगठा, आणि एक प्रत त्यांच्याकडे. मानधन द्याच. पाचशे रुपये असले तरी पाकिटातून, नाव लिहून. "तुमचं नाव होईल" हे कलाकारानं हजार वेळा ऐकलेलं असतं.

वाद्यं रेकॉर्ड करताना बोलण्याचे नियम विसरा. नाशिक ढोलासमोर मोबाइल धरलात तर नुसती भडभड येते. एका रंगपंचमीला आम्ही रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदाच्या, कडेला उभं राहून पाऊण तास रेकॉर्ड केलं, वापरता आली नऊ सेकंदं. आणि रेकॉर्डर पिवळा झाला. आता समोरच्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर जातो, पातळी हातानं अगदी खाली आणतो आणि ढोलापासून लांब राहतो. गल्लीच्या भिंतींचा घुमारा आपोआप मिळतो. संबळ-हलगीला दोन-तीन हात अंतर. ओव्या म्हणणाऱ्या आजीला मात्र माईक जवळ, आणि जातं खरंच फिरवायला सांगा, रिकामं नको, मूठभर दाणे टाकून. रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो आणि आज्यांना रिकामं जातं फिरवायला आवडत नाही.

पोचवणं

केंद्राला फाइल दोन दिवस आधी द्या, सोबत एक पान : भागाचं नाव, लांबी, पहिलं आणि शेवटचं वाक्य, गाण्यांची यादी आणि परवानग्या. तारेतला भाग एफएमनंतर लगेच चढवा. व्हॉट्सॲपसाठी वेगळी एमपीथ्री करा, मोनो, ६४ केबीपीएस. अठ्ठावीस मिनिटांची फाइल साडेतेरा एमबीत बसते, गावाकडच्या नेटवरही उतरते. आम्ही त्याशिवाय पाच मिनिटांचा एक तुकडाही पाठवतो, कारण खरं सांगायचं तर पूर्ण भाग उघडणारे कमीच असतात. तक्रारीसाठी एक नंबर दर भागात सांगा आणि तो उचलणारा माणूस ठेवा.

पैशांचं : महिन्याचा आमचा खर्च म्हणजे पेट्रोल, मानधन, वडापाव. वर्गणीतून भागतं. जाहिरात घ्यायची तर गल्लीतल्या किराणावाल्याची घ्या. नगरसेवकाची "शुभेच्छुक" जाहिरात पहिल्याच महिन्यात येते. ती घेतलीत की पुढचे भाग तुमचे राहत नाहीत.

शेवटचं काम सगळे टाळतात : भाग झाला की तो त्याच वस्तीत जाऊन ऐकवणं. ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली युनेस्को आणि आकाशवाणी पुणे यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत गावोगावी श्रोत्यांचे गट बसवले होते, कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि त्यावर बोलायचं. ब्लूटूथचा स्पीकर, समाजमंदिराचा ओटा, संध्याकाळी सात. मालिका लागायच्या आत उरका. लोक मध्येच बोलतात, हसतात, "मी असं म्हणालो?" विचारतात. ते सगळं लिहून घ्या, पुढच्या भागाच्या व्हॉइस नोटची तीन मिनिटं तिथूनच येतात.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर आम्ही पावरी वाजवणाऱ्या बाबांचा भाग ऐकवला. त्यांच्या वादनावर चाळीस सेकंदांनी आमचं निवेदन चढत होतं, पावरी हळूहळू खाली जात होती, आमच्या मते फार सुरेख. बाबा स्पीकरकडे बघत राहिले. निवेदन संपलं, पुढचा विषय सुरू झाला, तरी बघत होते. मग विचारलं, "माझं पुढचं कुठं गेलं?" मूळ फाइल नशिबानं लॅपटॉपवर होती, ती लावली. सहा मिनिटं, दहा सेकंद. कोणी उठलं नाही. शेवटच्या गाण्याची चार मिनिटं आता मोकळी असतात, त्यावर निवेदन चढवायचं नाही, आणि गाणं लांबलं तर मुख्य विषयातून वेळ कापायचा.